मिलेनियल पिढीचा स्वभाव पकडणारे चित्रपट : राग कुणावर निघतो, हा निकष

ठाण्यात राहणाऱ्या आणि ऐरोलीत एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत नोकरी करणाऱ्या, १९८८ साली जन्मलेल्या एका वाचकाने विचारले आहे की, मिलेनियल म्हणजे साधारणपणे १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेल्या पिढीचा स्वभाव खरोखर पकडणारे चित्रपट कोणते. इंग्रजी याद्यांमधली नावे त्यांना परकी वाटतात आणि हिंदी याद्या मित्रांच्या सहलींपलीकडे जात नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. आपल्या वडिलांसोबत बसून पाहता येईल असा एखादा चित्रपट सुचवावा, हीही त्यांची विनंती आहे. चित्रपट-संकलन (एडिटिंग) हा माझा व्यवसाय आहे आणि नौपाड्यात भरणाऱ्या एका रसास्वाद गटात मी बरीच वर्षे शिकवतो. या गटात येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक नेमके याच वयोगटातले असल्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर अनेकदा आला आहे, आणि त्याचे उत्तर मी यादीच्या स्वरूपात देत नाही, कारण यादीने त्या तक्रारीचे निवारण होत नाही.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. एखाद्या पिढीने डोक्यावर घेतलेला चित्रपट आणि त्या पिढीविषयीचा चित्रपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘दिल चाहता है’ २००१ साली आला, तेव्हा या पिढीतले सर्वांत मोठे वीस वर्षांचे होते आणि सर्वांत धाकटे पाच वर्षांचे. पडद्यावरचे तीन मित्र त्यांच्या दादा लोकांच्या वयाचे होते. धाकट्यांनी त्या तिघांकडे पाहून केस कापले, गोव्याचे बेत आखले, आणि तो चित्रपट ‘आपला’ झाला. मराठीत हा प्रकार अधिकच ठळक आहे. २०१२ ते २०१४ या काळात तरुणांनी मोठ्या संख्येने पाहिलेले चित्रपट आठवून पाहावेत. ‘शाळा’ आणीबाणीच्या काळात घडतो, ‘दुनियादारी’ सत्तरच्या दशकातल्या कट्ट्यावर घडतो, ‘बालक-पालक’ ऐंशीच्या दशकातल्या चाळीत आणि ‘टाइमपास’ नव्वदच्या दशकात. तिकिटे काढणारी पिढी ही होती, पडद्यावरचे तारुण्य मात्र बहुतेक वेळा तिच्या काका-मावश्यांचे होते. दिग्दर्शक आणि निर्माते ज्या वयाचे असतात त्या वयाच्या आठवणी ते मांडतात, हे एक कारण झाले. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. चिठ्ठी, कॅसेट, सायकल आणि गच्ची यांना दृश्यरूप सहज लाभते, पण ज्या तरुणाचा सारा दिवस संगणकाच्या पडद्यासमोर आणि उरलेला ठाणे-नवी मुंबई जोडणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या लोकलगाडीत जातो, त्याच्या आयुष्यात पाहण्यासारखे काय आहे, असे पटकथाकारांना त्या वेळी वाटत असावे. आपल्याला स्वतःचे आयुष्य दिसत नाही, या तक्रारीचे मूळ इथे आहे.

मग स्वभाव पकडला गेला आहे की नाही, हे ओळखायचे कसे? मोबाइल, कॉफीची दुकाने, ऑर्कुट किंवा फेसबुक दिसले की चित्रपट या पिढीचा झाला, असे मानणे उथळपणाचे आहे, कारण त्या वस्तू नेपथ्यात मोडतात. मी गटात एक साधा निकष वापरतो. नायकाचा राग शेवटी कुणावर निघतो, ते पाहावे. ‘अर्धसत्य’ (१९८३) घ्या. फौजदार अनंत वेलणकर आतून कितीही पोखरला गेलेला असला, तरी रामा शेट्टी नावाचा एक गुंड समोर आहे, ज्याच्या नरड्याला हात घालता येतो. त्या काळातल्या व्यावसायिक चित्रपटांतही सावकार, गिरणीमालक, तस्कर किंवा विकला गेलेला अधिकारी असा कुणीतरी असतोच. अन्यायाला चेहरा असतो. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर शाळेत गेलेल्या शहरी मध्यमवर्गीय मुलांना मात्र वेगळी गोष्ट सांगितली गेली. परवान्यांचे राज्य संपले, दारे उघडली, आता अभ्यास करणाऱ्याला आणि कष्ट करणाऱ्याला कुणी अडवणार नाही, असे घरात, क्लासमध्ये आणि वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्यांमध्ये या मुलांनी ऐकले. या आश्वासनाची दुसरी बाजू कुणी उच्चारली नाही, पण ती प्रत्येकाला कळत होती : कुणीच अडवत नसेल आणि तरीही आपण पोहोचलो नाही, तर दोष आपलाच. टक्केवारी, प्रवेश परीक्षा, कॅम्पस इंटरव्ह्यू आणि दरवर्षीचे अप्रेझल (कामाचे मूल्यमापन) यांनी हीच शिकवण पक्की केली. त्यामुळे या पिढीचा राग बाहेर न जाता आत वळतो. ती व्यवस्थेवर चिडण्याआधी स्वतःला तपासते, स्वतःची इतरांशी तुलना करते आणि रात्री उशिरापर्यंत जागून आपण कुठे कमी पडलो याचा हिशेब मांडते. जो चित्रपट हा हिशेब दाखवतो, तो या पिढीचा. मग त्यात मोबाइल असो वा नसो.

या निकषावर माझ्या मते सर्वांत श्रेष्ठ ठरणारा चित्रपट मराठी आहे, आणि तो या विषयावरच्या चर्चांमध्ये क्वचितच येतो, कारण तो शास्त्रीय संगीताविषयीचा चित्रपट समजला जातो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२० साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता आणि तिथे त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. नायक शरद नेरूळकर चित्रपटाच्या सुरुवातीला, २००६ साली, चोवीस वर्षांचा आहे, म्हणजे तो या पिढीच्या अगदी पहिल्या फळीतला. गुरुजींकडे तालीम, घरी आजी, उपजीविकेसाठी जुन्या दुर्मीळ ध्वनिमुद्रणांच्या सीडी काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम, आणि डोक्यात गुरुजींच्याही गुरू असलेल्या माईंची व्याख्याने, एवढे त्याचे जग आहे. त्याला अडवणारे कुणीही नाही. गुरू त्याला हाकलून देत नाहीत, घराणेशाही त्याच्या आड येत नाही, प्रतिस्पर्धी कारस्थाने करत नाहीत. तो मन लावून रियाज करतो, आजारी गुरूंची सेवा करतो, स्पर्धेत उतरतो, आणि निकालात त्याचे नाव नसते. एवढेच घडते, आणि पुन्हा पुन्हा घडते.

संकलक म्हणून या चित्रपटातल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. शरद रात्री रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकलने जातो, कानात इअरफोन असतात, तंबोऱ्यावर माईंचा आवाज ऐकू येतो आणि चित्र संथगतीत सरकत राहते. हा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. या वाटेने यायचे असेल तर एकटेपणाची आणि उपासाची तयारी ठेवावी लागेल, अशा आशयाचे ते बोलणे आहे. सर्वसाधारण संकलनात असे दृश्य दुवा म्हणून वापरले जाते : माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी निघाला, हे प्रेक्षकाला कळले की कापायचे. इथे ते कळल्यानंतरही चौकट तशीच राहते, इतका वेळ की प्रेक्षक प्रवास विसरतो आणि फक्त ऐकू लागतो. दिवसभराच्या अपयशानंतर स्वतःला पुन्हा उभे करण्यासाठी माणूस जे ऐकतो, त्याचे हे दृश्य आहे. ऐरोलीहून रात्रपाळी संपवून परतणारे कितीतरी जण कानात यशस्वी माणसांची भाषणे घेऊन असेच येतात. शब्द वेगळे असतात, पण गरज तीच असते, आणि या आवाजाची आणखी एक बाजू अशी की तो धीर देता देता अपराधीपणाही मनावर ठसवतो. आदर्श जितका उंच, तितके आपण खुजे.

शरदचा राग बाहेर पडतो तोही कसा, हे पाहण्यासारखे आहे. एक संग्राहक त्याला त्याच्या आराध्य गायकांविषयी, माईंविषयीसुद्धा, नको त्या गोष्टी सांगतो, तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. पुढे काही वर्षांनी, एका विद्यार्थ्याची आई मुलाने फ्युजन बँडमध्ये गायले तर चालेल का, असे साधेपणाने विचारते, तेव्हा तो तिला टाकून बोलतो. दोन्ही वेळा समोरचा माणूस निमित्तमात्र आहे. पहिल्या वेळी श्रद्धेला तडा जाण्याची भीती आहे, दुसऱ्या वेळी आपण नाकारलेला सोपा रस्ता बरोबर होता की काय ही शंका. दरम्यान दूरचित्रवाणीवरच्या गायन स्पर्धेतली एक मुलगी साध्या कपड्यांतल्या निवड फेरीपासून झगमगीत मंचापर्यंत पोहोचताना तो पाहत राहतो. ताम्हाणे त्या मुलीची टर उडवत नाहीत, आणि शरदच्या तपश्चर्येचा उदोउदोही करत नाहीत, म्हणून त्या तुलनेचा काटा प्रेक्षकाच्या मनात रुततो. आमच्या गटात हा चित्रपट पाहिल्यावर संगीताचा गंध नसलेल्या, पस्तिशीतल्या एका अभियंत्याने एवढेच म्हटले की, यात गाणे बाजूला ठेवले तरी सगळे माझेच आहे. मला ते मत चित्रपटावरच्या अनेक लिखित परीक्षणांपेक्षा अधिक अचूक वाटते.

नोकरीच्या जगाकडे वळल्यास डिसेंबर २००९ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने आलेले दोन चित्रपट एकत्र पाहावेत, असे मी सुचवतो. ‘थ्री इडियट्स’ प्रचंड चालला, ‘रॉकेट सिंग’ फारसा चालला नाही. पहिल्याने या पिढीला घोषवाक्य दिले, दुसऱ्याने तिचे ऑफिस दाखवले. ‘थ्री इडियट्स’मध्ये प्राचार्य हा सोयीस्कर खलनायक आहे आणि आवडीचे काम करा, यश मागून येईल, हा दिलासा आहे. शरद नेरूळकरने आवडीचेच काम केले होते, हे लक्षात घेतले की त्या दिलाशाची मर्यादा कळते. जयदीप साहनी यांनी लिहिलेल्या ‘रॉकेट सिंग’मध्ये संगणक विकणाऱ्या कंपनीतला नवखा विक्रेता लाच मागणाऱ्या ग्राहकाची तक्रार करतो आणि त्याबद्दल त्याचाच पाणउतारा होतो. सहकारी त्याच्यावर कागदी विमाने फेकतात. हा नायक मोर्चा काढत नाही, मालकाची कॉलरही धरत नाही. तो त्याच ऑफिसात, त्याच टेबलाखुर्चीवर बसून गुपचूप स्वतःची छोटी कंपनी सुरू करतो. संघर्ष टाळून बाजूने वाट काढण्याची ही रीत मला या पिढीची अगदी खास खूण वाटते, आणि टार्गेट, कोटेशन, सर्व्हिस कॉल यांची भाषा इतक्या बारकाईने दुसऱ्या कुठल्या हिंदी चित्रपटात मी ऐकलेली नाही. त्याच वर्षीचा ‘वेक अप सिड’ लोकांना अधिक प्रिय आहे. त्यातला पहिला पगार घेऊन वडिलांसमोर उभा राहणारा मुलगा मलाही भावतो. पण त्याच्या अपयशाखाली वडिलांच्या पैशाची जाड गादी आहे, म्हणून मी त्याला अर्धेच गुण देतो.

घर हा विषय ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. १९७७ च्या ‘घरौंदा’त एक जोडपे पै पै जमवून फ्लॅट घेऊ पाहते आणि बिल्डर पैसे घेऊन पळून जातो. दोष कुणाचा, हे तिथे स्वच्छ दिसते. चाळीस वर्षांनी, २०१७ साली आलेल्या विक्रमादित्य मोटवाने यांच्या ‘ट्रॅप्ड’मध्ये लग्नासाठी तातडीने घर हवे असलेला तरुण प्रभादेवीच्या एका रिकाम्या उंच इमारतीत दलालाकरवी फ्लॅट मिळवतो, किल्ली बाहेर राहून दार लागते आणि तो वीज, पाणी, फोन यांपैकी काहीही नसलेल्या घरात अडकतो. हा थरारपट म्हणून विकला गेला, परंतु मला तो गृहकर्जाच्या काळाचा सर्वांत प्रामाणिक चित्रपट वाटतो. त्यातील ध्वनीची योजना लक्षपूर्वक ऐकावी. शहराचा आवाज संपूर्ण चित्रपटभर वर येत राहतो, माणसाचा आवाज मात्र खाली पोहोचत नाही. लाखो लोकांच्या मधोमध, स्वतःच्या खटपटीने मिळवलेल्या घरात तो एकटा आहे, आणि शिव्या द्यायला समोर कुणीच नाही. हा चित्रपट आम्ही पाहिला त्या दिवशी चर्चा लगेच घोडबंदर रस्त्यावरच्या फ्लॅटच्या रखडलेल्या ताब्यांकडे आणि हप्त्यांकडे वळली. अनेकांच्या बोलण्यात बिल्डरपेक्षा स्वतःविषयीचीच तक्रार अधिक होती : आपण चौकशी नीट केली नाही, घाई केली, झेपेल त्यापेक्षा मोठे घर घेतले. निकषाला इतकी थेट पुष्टी मला अपेक्षित नव्हती. याच विषयाची हलकी आणि गोड बाजू ‘लव्ह पर स्क्वेअर फूट’मध्ये (२०१८) आहे, जिथे गृहयोजनेत जोडप्याचा अर्ज करता यावा म्हणून दोन अनोळखी माणसे एकत्र येतात. संध्याकाळ चांगली जाते, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

प्रेम आणि आईवडील यांच्याविषयी मराठी चित्रपटाने या पिढीला बराच न्याय दिला आहे. सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) हा लग्नाच्या स्थळाला नकार द्यायला आलेली मुलगी आणि मुलगा यांच्या एका दिवसाच्या गप्पांवर उभा आहे, आणि ठरवून केलेले लग्न व प्रेमविवाह यांच्यामधली जी नवी जागा या पिढीने तयार केली, ती त्याने सर्वांत आधी ओळखली. त्याचे पुढचे भाग पाहिले नाहीत तरी चालेल. वरुण नार्वेकर यांचा ‘मुरांबा’ (२०१७) मात्र आवर्जून पाहावा, आणि वडिलांसोबत कोणता पाहावा या विनंतीला माझे उत्तर हेच आहे. आलोक आणि इंदू यांचे नाते तुटले आहे, हे आलोक घरी सांगतो आणि आईवडील हादरतात. जुन्या चित्रपटांत आईवडील लग्नाच्या आड येत असत, इथे लग्न व्हावे म्हणून तेच धडपडतात. वडिलांच्या भूमिकेत सचिन खेडेकर आहेत आणि आईच्या भूमिकेत चिन्मयी सुमीत. मुलाला बोलते करण्यासाठी दोघे जी अवघडलेली, प्रेमळ, कधी नको तितकी खोलात शिरणारी चौकशी करतात, ती ज्या घरात मुलगा तिशीचा झाला तरी आईने डबा भरून दिलेला असतो, अशा घरातल्या कुणालाही ओळखीची वाटेल. कारण शोधता शोधता आलोकला स्वतःविषयी वाटणाऱ्या असुरक्षिततेपाशी चित्रपट येऊन थांबतो. त्याला भांडायला वडील उरलेले नाहीत, कारण वडील मित्र झाले आहेत. वडील मित्र झाल्यावर मुलाला बंडखोरीची सोय राहत नाही आणि आपला निर्णय आपणच निस्तरावा लागतो, ही गोष्ट या चित्रपटाने हसतखेळत सांगितली आहे. तो संपल्यावर दूरचित्रवाणी संच लगेच बंद करू नये, कारण बोलणे बहुधा तेव्हाच सुरू होते.

सचिन कुंडलकर यांच्या ‘गुलाबजाम’मध्ये (२०१८) लंडनच्या बँकेतली नोकरी सोडून आदित्य मराठी स्वयंपाक शिकायला पुण्यात येतो आणि घरी ते लपवून ठेवतो. चांगली नोकरी सोडणे हा या पिढीचा आवडता स्वप्नविषय आहे, आणि बहुतेक चित्रपट त्या स्वप्नाला गोंजारतात. इथे राधाच्या स्वयंपाकघरातली शिस्त त्या स्वप्नाला कामाला लावते, म्हणून हा चित्रपट टिकतो. मोहित टाकळकर यांचा ‘मीडियम स्पाइसी’ (२०२२) त्याच्याजवळ ठेवून पाहण्याजोगा आहे. निर्णय लांबणीवर टाकत राहणे हा अवगुण न मानता स्वभाव म्हणून त्याकडे पाहण्याचे धाडस त्यात आहे.

आता माझ्या निकषावर येणारा सर्वांत गंभीर आक्षेप. राग आत वळवणे हा साऱ्या पिढीचा स्वभाव आहे की तिच्यातल्या एका सुरक्षित थराचा? ‘रंग दे बसंती’ (२००६) हे या आक्षेपाचे उदाहरण म्हणून नेहमी पुढे केले जाते, कारण त्यातले तरुण मंत्र्याला ठार मारण्यापर्यंत जातात. मला तो चित्रपट प्रभावी वाटतो, पण त्यातला राग स्वातंत्र्यलढ्याकडून उसना घ्यावा लागतो. क्रांतिकारकांच्या भूमिका केल्याशिवाय त्या तरुणांना चिडताच येत नाही, आणि यातून माझ्याच म्हणण्याला आधार मिळतो. खरा आक्षेप नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांतून येतो. ‘फँड्री’तल्या, जातीमुळे हिणवल्या जाणाऱ्या जब्याला आपल्यात काय कमी आहे हा प्रश्न पडतो, तो आवडत्या मुलीवर मोहिनी घालण्यासाठी काळी चिमणी शोधत फिरतो, अंगावर पावडर थापतो, म्हणजे तोही प्रथम स्वतःलाच दुरुस्त करू पाहतो. परंतु गाव त्याला तो भ्रम फार काळ बाळगू देत नाही. डुक्कर पकडण्याच्या त्या दीर्घ प्रसंगाच्या शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे प्रेक्षागृहात बसलेल्या आपल्याकडे येतो. दोष कुणाचा, हे तिथे शंकेला जागा न ठेवता सांगितले जाते.

‘सैराट’विषयी (२०१६) लिहिताना बहुतेक जण पहिल्या भागातल्या गाण्यांत रमतात, पण या विषयाच्या दृष्टीने मध्यंतरानंतरचा भाग अधिक मोलाचा आहे. हैदराबादच्या वस्तीतली खोली, पाण्यासाठीची वणवण, आर्चीने कारखान्यात धरलेली नोकरी, परश्याचे डोशाच्या गाडीवरचे काम, संशयातून झालेली भांडणे, मग मूल आणि नवे घर, असा तो क्रम आहे. मंजुळे या भागात लगबग करत नाहीत. संसाराचे एकेक पाऊल ते इतक्या सावकाश दाखवतात की प्रेक्षक त्या दोघांच्या हिशेबात गुंततो आणि मागचे गाव विसरतो. ऐरोलीत किंवा कळव्यात नव्याने संसार थाटणाऱ्या कुठल्याही जोडप्याचे हेच टप्पे असतात. आर्ची आणि परश्या यांनी या पिढीला मिळालेल्या आश्वासनाबरहुकूम सगळे केले : गाव सोडले, कष्ट केले, बचत केली, घर घेतले. आणि तरीही जात माहेरची माणसे बनून, भेटवस्तू घेऊन दारात आली. ज्यांना कुणी अडवत नाही त्यांनाच स्वतःला दोष देण्याची मुभा असते, हे या चित्रपटाने मला शिकवले, आणि म्हणून माझा निकष मी आता या मर्यादेसह वापरतो. नीरज घायवान यांचा ‘मसान’ (२०१५) या दोन जगांच्या मधोमध उभा आहे. वाराणसीच्या घाटावर प्रेते जाळणाऱ्या डोम कुटुंबातला दीपक अभियांत्रिकी शिकतो, फेसबुकवर मैत्रीची विनंती पाठवतो, शालूच्या प्रेमात पडतो. जात त्याला माहीत आहे, तरीही शिकून बाहेर पडण्याचे आश्वासन त्याने खरे मानले आहे. शालूची अंगठी गंगेत भिरकावून क्षणार्धात तो त्या अंगठीमागे पाण्यात उडी घेतो, त्या कृतीत राग आणि पश्चात्ताप यांना वेगळे काढता येत नाही. कॅमेरा तिथे कसलेही स्पष्टीकरण देत नाही.

परदेशी चित्रपटांविषयी थोडक्यात लिहितो. ‘द सोशल नेटवर्क’ (२०१०) पाहावाच, पण तो या पिढीच्या साधनाचा, म्हणजे फेसबुकचा, इतिहास आहे. स्वभाव त्याच्या अखेरच्या मिनिटात आहे, जिथे एवढे मोठे जाळे उभारणारा माणूस एका मुलीला मैत्रीची विनंती पाठवून पान पुन्हा पुन्हा ताजे करत बसतो. ‘फ्रान्सेस हा’मधली सत्तावीस वर्षांची नर्तकी आणि योआकिम त्रिएर यांच्या ‘द वर्स्ट पर्सन इन द वर्ल्ड’मधली (२०२१) वैद्यकशास्त्राकडून मानसशास्त्राकडे आणि तिथून छायाचित्रणाकडे जाणारी यूली या दोघी आपल्याकडच्या तरुणांना जवळच्या वाटतात. फरक एवढाच की ऑस्लोमध्ये मन बदलायला जितका अवकाश मिळतो, तितका शैक्षणिक कर्जाचे हप्ते भरणाऱ्या मुलीला मिळत नाही. ली चांग-दोंग यांचा कोरियन ‘बर्निंग’ (२०१८) मात्र आपल्या वास्तवाच्या फार जवळ आहे. बेकार, लेखक होऊ पाहणाऱ्या तरुणासमोर एक श्रीमंत, सुखवस्तू समवयस्क येतो आणि राग कुणावर धरावा हेच त्याला कळेनासे होते.

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाला, आणि त्या स्वतः १९८६ सालच्या असल्याने या पिढीचे आत्मकथन म्हणूनही तो पाहिला जातो. मुंबईतल्या रुग्णालयात काम करणाऱ्या दोन मल्याळी परिचारिका आणि बिल्डरमुळे घर सोडून रत्नागिरीकडे परतणारी पार्वती यांची ती कथा आहे. छाया कदम यांनी पार्वती ज्या रोखठोकपणे उभी केली आहे, त्यामुळे दोष कुणाचा हे पुन्हा नाव घेऊन सांगता येते. या पिढीचे दिग्दर्शक चाळिशीकडे येताना राग बाहेर काढायला शिकत आहेत, असे मला त्यातून जाणवते.

जो चित्रपट मला हवा आहे तो अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. ठाण्यातल्या वागळे इस्टेट आणि पोखरण रस्त्यावरचे कारखाने बंद होऊन तिथे कार्यालये आणि गृहसंकुले उभी राहिली. ज्या जमिनीवर वडील यंत्रावर उभे राहून पाळी करत होते, त्याच परिसरात मुलगा हेडसेट लावून रात्रपाळी करू लागला. वडिलांकडे युनियन होती, संपाची आठवण होती आणि गेटवर घोषणा देण्याची सवय होती. मुलाकडे अप्रेझलचा फॉर्म आहे. हे दोघे एकाच घरात जेवायला बसतात आणि एकमेकांच्या रागाची भाषा त्यांना कळत नाही. हा विषय घेऊन कुणी पटकथा लिहीत असेल, तर माझी एवढीच सूचना आहे की वडिलांना पराभूत आणि मुलाला कणाहीन दाखवण्याचा सोपा मार्ग पत्करू नये, आणि लिहायला बसण्यापूर्वी ‘अर्धसत्य’ व ‘द डिसायपल’ हे दोन्ही लागोपाठ पाहून घ्यावेत.